फिग निवृत्त झाली

आठ वर्षं फिगनं फळं पकडली.
ऑकलंडच्या विमानतळावर, सामानाच्या पट्ट्याशी,
अंगात हिरवं जॅकेट, शेपूट वर,
ती माणसांच्या पायांमधून फिरायची
आणि एखाद्या बॅगेपाशी खाली बसायची.
बस, एवढंच. भुंकणं नाही, ओरबाडणं नाही.
ती बसली म्हणजे आत सफरचंद आहे,
किंवा संत्रं, किंवा कुणाच्या आईनं
मोज्यात गुंडाळून दिलेला आंबा.

फिग म्हणजे अंजीर.
नाव ठेवणाऱ्याला तेवढीच गंमत सुचली असेल.
तिनं मात्र एकही फळ चाखलं नाही.
बक्षीस काय, तर मेरेआनाच्या खिशातली
भुशासारखी कोरडी गोळी.

आता गुडघे गेलेत,
फिगचे मागचे दोन, मेरेआनाचा डावा.
दोघी मांगेरेतल्या घरात राहतात.
विमानं छपराला घासून जातात,
दोघींपैकी कुणी वर बघत नाही.

आज मेरेआनानं दोन सफरचंदं किसली,
बिया आधीच वेचून काढलेल्या.
काळं पडलेलं केळं, ओटचं पीठ, एक अंडं.
साखर नाही, मीठ नाही.
मनुका तर नाहीच नाही, कुत्र्यांना त्या विष.
(इथं मानुका म्हणजे झुडूप. त्याच्या मधाची बाटली
फळीवर आहे. ती फक्त मेरेआनाच्या चहासाठी.)
पीठ हाताला चिकटलं, लाटण्याला चिकटलं,
पेल्याच्या कडेनं कापलेले गोल
गोल राहिलेच नाहीत.
मेरेआना आयुष्यात पहिल्यांदा बिस्किटं करत होती
आणि ते दिसत होतं.

भट्टी तापली. वास सुटला.
फिग गादीवरून उठली, सावकाश,
एकेक पाय हिशेबानं टाकत स्वयंपाकघरात आली
आणि भट्टीसमोर बसली.
पाठ ताठ. नजर मेरेआनाकडे.
आत फळ आहे, मॅडम.

मेरेआनाचा हात आपोआप खिशाकडे गेला.
घरातल्या झग्याला खिसा नव्हता.

तेव्हा तिला सुवाहून आलेली ती म्हातारी आठवली,
रुमालात बांधलेला एकच पेरू.
फिग शेजारी बसली तशी ती हरखली,
वाकून तिच्या कानामागे खाजवत म्हणाली,
"बघा, ओळख ना पाळख, कशी माझ्यापाशी बसली!"
मग मेरेआनानं रुमाल सोडायला सांगितलं.
"दारातल्या झाडाचा आहे. नातवासाठी."
नियम म्हणजे नियम. दंड झाला नाही,
पण पेरू बंद झाकणाच्या डब्यात गेला.
म्हातारीनं रुमालाची घडी घातली,
नीट, चार कोपरे जुळवून,
आणि जाताना कुत्रीला पुन्हा एकदा थोपटलं.
मेरेआनाकडे बघितलं नाही.

बिस्किटं निघाली. कडा करपलेल्या, मधे मऊ.
निवल्यावर तिनं एक पुढे धरलं.
फिगनं तोंड वळवलं.
पुरावा कुणी खातं का?

"घे ग बाई. सुटी झाली तुझी."
फिग तशीच ताठ.

मग मेरेआना फरशीवर बसली,
गुडघ्यानं कुरकुर केली ती ऐकून घेतली,
बिस्कीट मोडून अर्धं आपल्याच तोंडात टाकलं.
अगदी बेचव. ओल्या पुठ्ठ्याला
सफरचंदाचा वास लागावा तसं.
ती चावत राहिली.
फिगनं तिच्या जबड्याकडे पाहिलं,
डब्याचं झाकण कुठं वाजतंय का, याचा कानोसा घेतला,
आणि उरलेलं अर्धं
तळहातावरून अलगद उचललं,
आधी ओठांनी, मग दातांनी.
नंतर तळहात चाटला. नंतर फरशी.
नंतर मेरेआनाची हनुवटी, जिथं चुरा होता.

चार वाजता शेजारचा हेमी आला, शाळेचं दप्तर पाठीवर.
"काकू, कसला वास येतोय?"
फिग उठली, दप्तराभोवती एक फेरी मारली
आणि खाली बसली.

"माझ्याकडे काही नाही!" हेमी म्हणाला.
सगळे असंच म्हणतात.
मेरेआनानं दप्तर उलटं केलं.
वह्या, एक बूट, आणि तळाशी
मागच्या महिन्यातलं केळं,
काळं, चपटं, गणिताच्या पुस्तकाला चिकटलेलं.

तिनं ते सोलून वाडग्यात टाकलं.
दुसऱ्या घाण्याला पुरेल.
फिगला बक्षिसाचं एक पूर्ण बिस्कीट दिलं.
या वेळी तिनं तोंड वळवलं नाही.